थडग्यापाशी रीवाची पाळी

मे महिन्यातल्या त्या रविवारी स्लेम्प घराण्याची सगळी माणसं डोंगरावरच्या दफनभूमीत जमली होती. दरवर्षी जमतात तशीच. सकाळी गवत कापून झालं, थडग्यांवर ताजी फुलं ठेवून झाली, ओकच्या झाडाखालच्या लांबलचक टेबलावर तळलेली कोंबडी, मक्याचा पाव, शिजवलेला घेवडा आणि केळ्याचं पुडिंग मांडून झालं. जेवणं उरकली की गिटार, फिडल, बँजो पेट्यांतून बाहेर निघणार होते.

रीवा मात्र ताट बाजूला ठेवून थडग्यांपाशी उभी होती. तिच्या थोरल्या भावाच्या, कार्लिसच्या थडग्यावर आज नवा दगड बसला होता. नावाखाली कोरलं होतं: ‘बँजोला नवी वाट दाखवणारा.’

“कसा वाटला, आत्या?” कार्लिसच्या मुलीनं, ग्लेनानं, कौतुकानं विचारलं.

“दगड चांगला आहे. अक्षरं खोटी आहेत.”

“झालं तुझं सुरू! आज तरी नको गं.”

नको म्हणे! वाट दाखवणारा! अहो, ती वाट रीवानं पाडली होती, आईच्या ओसरीवर बसून, शेंगा निवडायच्या सोडून, वर बोलणी खाऊन. बाकी सगळे बँजोवर बोटांची एकच ठरलेली फिरकी घ्यायचे. रीवानं फिडलची अख्खी गत, एकही सूर न गाळता, बँजोवर उतरवली. दर सुराला वेगळी तार, म्हणजे पहिला सूर विरायच्या आत दुसरा त्यात मिसळायचा. असलं त्या डोंगरात कुणी ऐकलं नव्हतं. भावांनी बँड काढला, तेव्हा रेकॉर्डिंगला वाजवलं तिनं आणि रेकॉर्डच्या पाकिटावर नाव छापलं कार्लिसचं. स्टेजवर तिच्या हाती दिला बास, ते माणसाएवढं उंच साथीचं वाद्य. बाईनं मागं उभं राहून बास धरायचा, अशी रीत! कार्लिस पुढं मायक्रोफोनपाशी तिचीच गत अर्धीमुर्धी वाजवायचा आणि लोक टाळ्यांनी तंबू डोक्यावर घ्यायचे. पुढं तो नीट शिकलाही. लांबलांबची पोरं त्याच्याकडे शिकायला यायची. हे सुचलं कसं, असं कुणी विचारलं की टोपी काढून म्हणायचा, “देवाची कृपा.” बहिणीचं नाव काही त्याच्या तोंडून निघालं नाही.

आईनं शपथ घातली होती म्हणून रीवा गप्प बसली. आई गेली, मागच्या हिवाळ्यात कार्लिसही गेला. आता तिच्या बोटांत संधिवात शिरत होता. आज वाजवून दाखवायचं आणि सगळ्यांच्या तोंडावर सांगून टाकायचं. नाहीतर तो दगडच खरा ठरणार होता.

उताराखाली उभ्या केलेल्या ट्रकच्या मागच्या फळीवर बसून ती बँजो जुळवू लागली. पहिल्या तारेकडे बोट नेलं आणि सूर वाजला. बोट अजून तारेला लागलंच नव्हतं. रीवानं हात मागं घेतला. वय झालं, दुसरं काय, असं पुटपुटत तिनं दुसऱ्या तारेकडे बोट नेलं. पुन्हा तेच. सूर आधी, बोट नंतर.

वर थडग्यांमध्ये ग्लेना इकडंतिकडं बघत होती.

“कोण वाजवतंय गं इथं?” तिनं ओरडून विचारलं.

“मी! इथं खाली.”

“नाही गं, इथंच. अगदी जवळ.”

जेवणानंतर कार्लिसच्या थडग्यासमोर मंडळी वाद्यं घेऊन गोलात उभी राहिली. गोलात एक जागा मोकळी होती. रीवा सरळ जाऊन तिथं उभी राहिली.

“ए बाई, ती जागा सोड,” गिटारवाला आर्विल म्हणाला. हा रीवा-कार्लिसचा चुलतभाऊ, बँडमधला रीवाखेरीज उरलेला एकटाच. “गेलेल्या माणसाची जागा वर्षभर रिकामी ठेवतात. तुला का सांगायला हवं?”

“जन्मभर तो माझ्या जागेवर उभा होता. तेव्हा नाही तुला कुठली रीत आठवली!”

“तोंड आहे की तोफखाना!” आर्विल हसला. बाकी कुणी हसलं नाही.

गाणं सुरू झालं. एकेका वाद्यानं पाळीपाळीनं पुढं होऊन वाजवायचं, बाकीच्यांनी साथ करायची. फिडलची पाळी झाली, मँडोलिनची झाली. मग आर्विलनं रीवाकडे बघून मान हलवली. तिची पाळी.

तिनं गत धरली. बोटं दुखत होती, पण चुकत नव्हती. तारा थरथरताना तिला दिसत होत्या.

आवाज नव्हता. गिटार ऐकू येत होती, फिडल ऐकू येत होतं, वाऱ्यानं टेबलावरचं कापड फडफडत होतं तेही ऐकू येत होतं. बँजो तेवढा मुका होता.

पण माणसांचे पाय ताल धरत होते. ग्लेना डोळे पुसत होती. “अगदी डॅडी,” ती म्हणाली. “डोळे मिटले तर डॅडीच.”

रीवानं तारांवरचा हात उचलला. उंच धरला, सगळ्यांना दिसेल असा.

पाय थांबले नाहीत. माना डोलतच राहिल्या. आर्विलची गिटार साथ देत होती, बरोबर तिच्या गतीच्या वळणांवर वळत होती.

मग तिचा संताप अनावर झाला.

“बंद करा! माझी आहे ती गत! माझी! ऐकताय का?”

घसा सोलवटला. तिला स्वतःचा आवाज आला नाही.

गाणं मात्र थांबलं. सगळ्यांनी चमकून माना वळवल्या. तिच्याकडे नाही, दगडाकडे.

आर्विलनं हळूच टोपी काढली. बाकीच्या पुरुषांनीही काढल्या.

“हो रे कार्लिस,” तो दगडाला म्हणाला. “तुझीच आहे. नाही कोण म्हणतंय?”