दोघांत एक दुर्बीण

हैदराबादला अफझलगंजातल्या जुन्या सामानाच्या दुकानात दुर्बीण एकच होती आणि तिच्यावर हात पडले दोन. एक रोशनीचा, आणि दुसरा... तो दुसरा काही केल्या मागे हटेना. तिनं हिंदीत ठणकावलं की मी आधी धरली. तो तरुण स्वतःशीच मराठीत पुटपुटला, “काय हट्टी मुलगी आहे!” रोशनी तिथल्या तिथे मराठीतच म्हणाली, “हौ, आहे.” मग कुठं दोघांना हसू फुटलं. म्हातारा दुकानदार वैतागला होता. दोघं मिळून घ्या आणि मला मोकळं करा, असं त्यानं सुनावलं. आता थट्टेत म्हटलेलं कुणी इतकं मनावर घेतं का? या दोघांनी घेतलं.

एक आठवडा दुर्बीण तिच्याकडे, एक आठवडा त्याच्याकडे. दर रविवारी सकाळी लायब्ररीच्या दारात देवाणघेवाण. आधी नुसतीच दुर्बीण हातची हातात जायची. पुढं तिच्याबरोबर इराणी चहा आला, आणि चहाबरोबर गप्पा. तो ओंकार, पुण्याचा, कॉम्प्युटर कंपनीत नवीन लागलेला. त्या वर्षांत गल्लोगल्ली कॉम्प्युटर क्लासच्या पाट्या लागत होत्या आणि अशा पोरांचा भाव भलताच वधारला होता. ती विद्यानगरची, शाळेत विज्ञान शिकवणारी. तिच्या मराठीतले ‘हौ’ आणि ‘नक्को’ ऐकून तो गालातल्या गालात हसायचा. दिवाळीला घरी फोनवर आईलाच ‘नक्को’ म्हणून बसला आणि बोलणी खाल्ली. ते ऐकून रोशनी इतकी हसली की चहा ओढणीवर सांडला. प्रेम जडायला याहून वेगळं काय लागतं?

संक्रांत झाल्यावर रोशनीच्या शाळेतल्या सुजाताताई आणि त्यांचे यजमान प्रमोदराव मारुती व्हॅन घेऊन समुद्रकाठानं पुलिकत सरोवरापर्यंत जाणार होते. तिथं अग्निपंख, म्हणजे फ्लेमिंगो, उतरतात, गुलाबी पंखांचे, थव्यांनी. या दोघांनाही त्यांनी बरोबर चलायला सांगितलं.

रोशनीचे बाबा, सूर्यभान सोनकांबळे, रेल्वेतून निवृत्त झालेले. नांदेडकडचं गाव सोडून इथं आले, बाबासाहेबांचा फोटो भिंतीवर लावला आणि एकुलत्या एका लेकीला शिकवलं. ती कुणाबरोबर निघाली आहे हे त्यांना बरोबर कळलं होतं. ते एवढंच म्हणाले, “पोरा, कुठंही जा. पण कुणाच्या घरात लपूनछपून जाऊ नको.” आनंद झाला की ते तिला पोरा म्हणत. मग त्यांनी फाटकावरची पाटी उतरवली आणि रंगाचा डबा काढला. आता हे काय, असं तिनं विचारल्यावर म्हणाले की पुण्याचे पाहुणे कधीतरी येतील, त्यांना घर सापडायला नको का? रोशनी लाजून आत पळाली.

वाटेत सूर्यलंकेच्या किनाऱ्यावर सुरूच्या झाडांखाली दोन तंबू पडले. एकात बायका, दुसऱ्यात पुरुष, सुजाताताईंचा तसा हुकूमच होता. सकाळी उजाडताना रोशनी वाळूत उतरली तर ओंकार आधीच उकिडवा बसून काहीतरी न्याहाळत होता. समुद्रातून एक रुंद माग वर आला होता आणि दुसरा परत पाण्यात गेला होता. कासवी रात्री येऊन अंडी घालून गेली होती.

“एवढा मोठा समुद्र सोडून इथंच कशी आली असेल?” रोशनी म्हणाली.

“तिला हाच किनारा पसंत पडला.” तो तिच्याकडे बघत राहिला. “मला पण... पडलाय. रोशनी, लग्न करशील माझ्याशी?”

तिच्या छातीत असं धडधडलं की लाटांचा आवाज ऐकू येईना. हो म्हणून टाकावं, आत्ता, इथंच! पण बाबांचं वाक्य आठवलं. उद्या ते सुळ्ळुरुपेट्याला त्याच्या मामांकडे जेवायला उतरणार होते, आणि मामींचा शब्द त्याच्या आईला देवाच्या जागी होता. ती म्हणाली, “उद्या मामींना सांग मी कोण आहे ते. सोनकांबळ्यांची मुलगी म्हणून सांग. मग पुन्हा विचार.”

“एवढंच?” तो हसला आणि तिच्या हातात एक शिंपला ठेवला. दिवसभर व्हॅनमध्ये तो गुणगुणत होता. रोशनीनं तो शिंपला मुठीतून सोडला नाही.

मामी खरोखरच लाघवी. दारातच तिळगूळ हातावर ठेवला, दमलीस का गं म्हणून विचारलं, आग्रह करकरून वाढलं. निघताना हळदीकुंकवाची कोयरी घेऊन आल्या. “बोलणं जरा निराळं आहे तुझं, गोड आहे. आडनाव काय गं?”

रोशनीनं तोंड उघडलं.

“देशपांडे,” ओंकार म्हणाला. “हैदराबादचे जुने देशपांडे, मामी. निजामाच्या वेळचे.”

सुजाताताई बघतच राहिल्या. रोशनीनं ओंकारकडे पाहिलं, एकदा, दोनदा... तो चपला शोधत होता. ती बोलली असती तर तो त्याच्या माणसांत खोटा पडला असता. ते तिच्यानं झालं नाही. मामींनी तिच्या कपाळावर कुंकू टेकवलं, हनुवटीला हात लावला आणि म्हणाल्या की उद्याच वन्संना पत्र टाकते, मुलगी लाखात एक आहे. रोशनीच्या घरी कुंकवाची रीत नव्हती. पण तिला कुंकू टोचलं नाही. आपण बाबांचं नाव गिळलं, ते टोचलं.

पुलिकतच्या काठाला व्हॅन थांबली तेव्हा ऊन कलत होतं. उथळ पाण्यात लांबवर अग्निपंख उभे होते, हजारांनी. प्रमोदराव आणि सुजाताताई मुद्दामच पुढं निघून गेले. ओंकारचा चेहरा खुलला होता.

“झालं की काम! लग्न होऊ दे, मग सांगू सावकाश. एकदा तू आवडलीस की कोण काय म्हणणार आहे?”

“त्यांना देशपांड्यांची मुलगी आवडली, ओंकार.”

“अगं, तुला कुणी काही बोलू नये म्हणून केलं मी. तुझ्यासाठी.”

तो खरंच बोलत होता, हे तिला कळत होतं. त्यानंच जास्त रडू येत होतं. “आणि लग्नात माझे बाबा कोण म्हणून उभे राहतील?”

एवढा विचार त्यानं केलाच नव्हता.

“अजून उजेड आहे,” ती म्हणाली. “मामींचं घर मागंच आहे. व्हॅन वळवू. तू सांग, मी तुझ्याशेजारी उभी राहते.”

त्यानं रस्त्याकडे पाहिलं. पाण्याकडे पाहिलं. “आत्ता लगेच... कसं गं? जरा वेळ दे ना.”

पाण्यावरचा थवा उठला. पंखांखालचा सगळा लाल रंग एकदम उघडा पडला, आणि दोघांनीही दुर्बीण डोळ्याला लावली नाही.

“मला तू आवडतोस,” रोशनी म्हणाली. “खूप आवडतोस. इतका की आज मी गप्प बसले. पण जन्मभर गप्प नाही बसता येणार मला. लग्न नक्को, ओंकार.”

तो रडला. तीही रडली. सुजाताताई परत आल्या तेव्हा दोघं पाण्याकडे तोंड करून शेजारी शेजारी बसले होते. परतीच्या वाटेवर सूर्यलंका आली आणि गेली, तिथं कुणी उतरलं नाही.

विद्यानगरला व्हॅन थांबली ती रविवारी सकाळी. ओंकारनं तिची बॅग फाटकापर्यंत आणली. बाबा बाहेरच होते, बनियनवर रंगाचे डाग. फाटकावर नवी पाटी, निळ्यावर पांढरी ठसठशीत अक्षरं: सूर्यभान सोनकांबळे.

“या या, जावईबा...” म्हणता म्हणता त्यांनी जीभ चावली आणि स्वतःशीच हसले. “या, ओंकारराव. बघा बरं, रस्त्यावरून वाचता येतंय ना?”

ओंकारनं मान खाली घातली. बाबा एकदा त्याच्याकडे आणि एकदा लेकीकडे बघत राहिले.

“येतंय, बाबा,” रोशनी म्हणाली. “अगदी स्वच्छ वाचता येतंय.”

मग तिनं गळ्यातली दुर्बीण काढून ओंकारच्या हातात दिली. हा आठवडा त्याचा होता. पुढच्या रविवारी ती लायब्ररीच्या दारात गेली नाही.