लवूच्या भाषेत ‘तू’ नव्हता

मी वहीचं पहिलं पान उलटलं, दुसरं उलटलं, आणि मान वर करून विचारलं, “ही कुठली भाषा?”

टेबलापलीकडचा मुलगा जरासा खाकरला. “माझी.”

“तुमची म्हणजे? मालवणी?”

“नाही, ती घरची. ही... मीच केलीय.”

१९८५चा नोव्हेंबर होता. घाटकोपरला पंतनगरात एका इमारतीच्या पहिल्या मजल्यावर पद्मजाबाईंचा टायपिंग क्लास होता. आता तिथे मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. आमचं घरही पंतनगरातच, म्हणून मी तिथेच शिकले, आणि बी.ए. झाल्यावर तिथेच नव्या मुलींना शिकवायला लागले. सहाला क्लास सुटला की बाहेरची कामं असायची. अर्ज, करारनामे, एखाद्याचा प्रबंध. त्या दिवशी बाई दळण आणायला गेल्या होत्या म्हणून लवू परब माझ्या वाट्याला आला. बाई असत्या तर त्यांनी त्याला जिन्यावरूनच परत पाठवला असता.

तो भटवाडीत राहायचा आणि मरोळच्या एका कारखान्यात ड्राफ्ट्समन होता. उजव्या करंगळीच्या कडेला शिसपेन्सिलीचा राखाडी डाग. तो कधी जायचाच नाही, हे मला पुढे कळलं. तेव्हा नुसता दिसला... आणि का कोण जाणे, लक्षात राहिला.

“पण भाषा कशाला करायची?” मी विचारलं.

“आमची खोली दहा बाय बारा. माणसं सात. मनातलं काही लिहिलं की कुणीतरी वाचणारच. मग म्हटलं, असं लिहू की वाचलं तरी चालेल.” तो हसला. “नववीत सुरू केली. पुढे गिरण्यांचा संप झाला, बाबा घरी बसले, घरात कुणी कुणाशी बोलेना. त्या वर्षी तर सहाशे शब्द झाले.”

“आणि टाइप कशाला करायचंय?”

“पानं सुटायला लागलीत. शिवाय... एकदा नीट, खरी भाषा असल्यासारखी बघायचीय.”

मी काम घेतलं. दर शनिवारी चार पानं.

व्याकरण त्याने मराठीत समजावलं होतं आणि पुढे शब्दांची यादी दिली होती. ‘आने’ म्हणजे मी. ‘कोमा’ म्हणजे घर. ‘साल’ म्हणजे जाणं किंवा येणं. क्रियापदाला लिंगच नाही. बाई गेली काय आणि बुवा गेला काय, ‘सालान’. काळ तीन. एक झालेलं, एक चाललेलं, आणि तिसरा फक्त मनात घडलेलं. त्या तिसऱ्याला ‘इर’ लावायचा. ‘आने सालिर’, मी मनातल्या मनात गेलो.

“भविष्यकाळ विसरलात वाटतं,” पुढच्या शनिवारी मी म्हटलं.

“विसरलो नाही. त्याचं काय सांगता येतं?”

“आणि हा ‘ओरम’? अशी जागा, जिथे आपल्याकडे कुणी बघत नाही. घाटकोपरात आहे कुठे अशी?”

“नाही ना! म्हणून तर शब्द करावा लागला.”

मी ओठ चावून हसू दाबलं. पलीकडे बाई परीक्षेचे फॉर्म तपासत बसल्या होत्या.

तिसऱ्या शनिवारी मी त्याच्यापुढे दोन पानं शेजारी शेजारी ठेवली. “सातव्या पानावर अनेकवचनाला ‘से’ आहे. कोमासे. एकोणिसाव्यावर ‘सा’ झालंय. स्वतःच्याच भाषेत चुकता तुम्ही?”

“खंय?” घाबरून तो एकदम मालवणीत गेला. पानावर वाकला. बराच वेळ वाकलेलाच राहिला. मला वाटलं, रागावला. पण त्याने वर पाहिलं तेव्हा डोळे लहान मुलासारखे चमकत होते.

“तुम्ही वाचलंत.”

“टाइप करायचं म्हणजे वाचावं लागतंच.”

“नाही. टाइप करायला अक्षरं बघावी लागतात. तुम्ही वाचलंत...”

त्या आठवड्यात मी विनाकारण दोनदा केस धुतले.

जानेवारीत सर्वनामांचं पान आलं आणि मी अडले. मी होतं, आम्ही होतं, तो-ती-तेला मिळून एक होतं. पण –

“ह्यात ‘तू’ नाहीये.”

लवूने कपाळाला आठ्या घातल्या. पान उलटसुलट केलं. “खरंच की. लागलाच नाही कधी. सगळं माझं मलाच लिहायचं असायचं.”

दहा वर्षं एक माणूस भाषा करत होता आणि त्या दहा वर्षांत त्याला ‘तू’ म्हणावंसं कुणी भेटलं नव्हतं.

“मग करा आता,” मी म्हटलं.

“तुम्ही करा. चूक तुम्ही पकडलीत.”

मी खिडकीबाहेर बघितलं. समोरच्या गच्चीवरून कुणीतरी वाळवण उचलत होतं, उन्हं पिवळी झाली होती. “रुवे,” मी म्हटलं. कुठून आलं कोण जाणे.

“रुवे,” त्याने हळू म्हणून पाहिलं. “छान आहे. आणि ‘तुम्ही’ला?”

“एकच ठेवा. उगाच लोकांना मानाच्या पाटावर बसवायला कशाला वेगळा शब्द?”

“म्हणजे ह्या भाषेत मी तुम्हाला ‘तू’ म्हणायचं?”

“भाषा तुमची आहे. मी काय सांगू?”

“झकास,” तो म्हणाला, आणि त्याचे कान लाल झाले. फेब्रुवारी उजाडेपर्यंत आम्ही मराठीतही ‘तू’वर आलो होतो.

मार्चच्या शेवटी उदाहरणांचं पान आलं. या वेळी तो थांबला नाही. वही ठेवली, “घाई आहे,” म्हणाला आणि गेला. मी मशीनला कागद लावला, कार्बन लावला, टाइप करायला लागले. अक्षरं, मग शब्द, आणि मग अर्थ... बोटांच्या मागून अर्थ येत गेला.

मी मनात पंतनगरला गेलो. मी मनात जिना चढलो. तिथे रुवे दारामागे उभी होती. मी मनात रुवेच्या वडिलांना म्हटलं, मला तुमची मुलगी हवी आहे. सगळ्या क्रियापदांना ‘इर’. बाराच्या बारा वाक्यांना.

जगात हे वाचू शकणारी दोनच माणसं होती.

“क्षमा, थांबलीस का गं?” बाईंनी चष्म्यावरून विचारलं. “रिबिन अडकली?”

“हो बाई. म्हणजे... सुटली.”

कान तापले होते. मी बारावं वाक्य पुरं केलं आणि खाली स्वतःचं तेरावं घातलं – ‘रुवे सालू.’

पुढच्या शनिवारी त्याने ते वाचलं. “हा ‘सालू’ काय?”

“आज्ञार्थ. तोही नव्हता तुझ्याकडे. ये, म्हणजे ये. नुसतं मनात नाही.”

“कधी?”

“उद्या. रविवारी भाऊ घरी असतात.”

भाऊ म्हणजे माझे वडील. विमा कंपनीत हेडक्लार्क, मोजकं बोलणारे, सगळे त्यांना दबून असायचे. रविवारी लवू इस्त्रीचा शर्ट घालून आला. मी खरोखरच दारामागे उभी होते. भाऊंनी पेपर खाली केला. “टायपिंगच्या कामाचं का?”

लवूने तोंड उघडलं. मिटलं. “हो,” म्हणाला.

आईने पोहे दिले, चहा दिला. त्याने खाली मान घालून सगळं संपवलं. भाऊंनी विचारलं म्हणून कारखान्याचं सांगितलं, आणि मग म्हणाला, “मस्कतला नोकरी लागलीय. पंधरा तारखेला निघतोय. दोन वर्षांचा करार आहे.”

दारामागे मी चौकट घट्ट धरली.

तो निघाला तशी मी दुधाची पिशवी आणायच्या निमित्ताने जिन्यात त्याला गाठलं. “मस्कत? हे कधी सांगणार होतास?”

“आजच. सगळंच आज सांगणार होतो.”

“मग?”

“वाचाच गेली गं.” त्याने कठड्यावर कपाळ टेकलं. “तुझ्या घरी एवढी पुस्तकं... आणि माझ्या बाबांची गिरणी बंद, दोन बहिणी लग्नाच्या. त्यांच्यासमोर बसलो आणि वाटलं, मी आहे कोण? लिहायला येतं मला. बोलायला येत नाही.”

मला राग आला होता, रडूही येत होतं. खालून कुणीतरी वर येत होतं. “मग लिही,” मी म्हटलं. “दर आठवड्याला लिही.”

त्याने लिहिलं. आमच्या घरी पत्र कुणाचंही असो, आधी आई उघडायची. पहिलं आलं तेव्हा तिने ते उलटंसुलटं धरलं. “ही कसली भाषा गं? मस्कतची?”

“सराव आहे आई. टायपिंगचा.”

“सरावाला परदेशी तिकीट लागतं?” एवढं म्हणून तिने पत्र मला दिलं. पुढेही देत राहिली.

मी वाळूला शब्द केला, त्याने एकट्याने जेवण्याला केला. शेवटी मी भविष्यकाळही केला आणि पाठवून दिला – पत्रं लिहिणाऱ्या माणसांचं त्याच्यावाचून चालत नाही, असं बजावून. कितीतरी महिने त्याने तो वापरला नाही. दोन स्थळं आली, मी दोन्ही नाकारली. तिसरं चेंबूरचं, इंजिनिअर. भाऊ म्हणाले, “आता कारण सांगावं लागेल.” मी ते सगळं लवूला कळवलं.

उत्तर नाही. एक महिना, दोन महिने... मी पोस्टमनची सायकल आवाजावरून ओळखायला लागले.

१९८८च्या मार्चमध्ये पाकीट आलं. क्लासमधून घरी आले तर ते उघडून टेबलावर ठेवलं होतं, आणि दुरूनच दिसलं – मराठीत होतं. साधं, सरळ मराठी, आणि मायना भाऊंच्या नावाचा.  आमच्या भाषेतून तो बाहेर पडला, एवढंच मला तेव्हा वाटलं.

“बस,” भाऊ म्हणाले. “वाच. मोठ्याने.”

“तुम्ही वाचलंय ना?”

“वाचलंय. तुझ्या तोंडून ऐकायचंय.”

मी वाचायला लागले. “ती. भाऊंना सा. न. दोन वर्षांपूर्वी एका रविवारी मी आपल्याकडे आलो होतो. टायपिंगच्या कामासाठी आलो, असं मी सांगितलं, ते खोटं होतं. मी क्षमाला मागणी घालायला आलो होतो आणि घाबरून पोहे खाऊन परत गेलो. बहिणींची लग्नं आता झाली आहेत. पंधरा एप्रिलला सकाळी मी मुंबईत उतरेन. घर अजून भटवाडीचंच आहे. मी जसा आहे तसा आपल्यासमोर येईन आणि या वेळी बोलेन. क्षमाची इच्छा नसेल तर...”

पुढची अक्षरं दिसेनात. पत्र खाली ठेवलं.

“इच्छेचं काय आहे?” भाऊंनी विचारलं.

दोन वर्षं मी त्याला पानंच्या पानं लिहिली होती. आणि आता भाऊंच्या समोर माझ्या तोंडून एक अक्षर निघेना. लवूचं त्या रविवारी काय झालं असेल, ते मला आत्ता कळत होतं.

आई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. “बोल की. आणि मराठीत बोल, मलाही कळू दे जरा.”

“मला...” मी म्हटलं. “मला लवूशीच लग्न करायचंय, भाऊ.”

भाऊ उठले, भिंतीवरच्या कॅलेंडरापाशी गेले, चष्मा वर करून एप्रिलच्या पानावर बोट फिरवत राहिले. आई माझ्याकडे बघत होती, मी आईकडे.

“पंधराला शुक्रवार येतोय,” शेवटी ते म्हणाले. “मला रजा टाकावी लागेल. विमानतळावर माणूस एकटा उतरणार, आपल्यातलं कुणीतरी नको का तिथे?”