टर्न खडकावरून दोघांना आणलं

गसला आणि त्याच्याबरोबरच्या पाहुण्याला टर्न खडकावरून परत आणायला आम्ही निघालो, तेव्हा रागाने मला थंडीही कळत नव्हती.

गस माझा धाकटा भाऊ, आमच्या बेटावरच्या हॉटेलाचा होडीवाला. समुद्रातले मासे संपले, माणसं बेट सोडायला लागली, तेव्हा घराघरातल्या माणसांनी राबून हे हॉटेल उभं केलं. मॅनेजर लायनेल तेवढा बाहेरून आणलेला. समुद्रात बर्फ वाहत येतोय, आज नको, असं गसने त्याला सकाळी दोनदा सांगितलं होतं. पण पाहुण्याला हिमनग जवळून बघायचा होता आणि उद्या तो जाणार होता. लायनेलने गसला पाठवलंच!

सुकाणूवर सत्तरीचे ॲम्ब्रोज काका, पुढे मी. धुकं इतकं दाट, की होडीचं टोक दिसेना. बर्फाचे तुकडे फळ्यांना खरवडत होते. मी ते काठीने ढकलत होते आणि लायनेलला शिव्या घालत होते.

मग वाटच मिटली. आम्ही उतरलो, होडी बर्फावरून ओढू लागलो. तडा गेला! काका कमरेपर्यंत पाण्यात! कॉलर धरून मी त्यांना वर खेचलं. परत फिरू म्हटलं, तर त्यांनी दोर पुन्हा खांद्यावर घेतला.

तेवढ्यात डबा बडवल्याचा आवाज आला.

बर्फाने त्यांची रबरी होडी फाडली होती. गस खडकावर नुसत्या स्वेटरमध्ये बसला होता, ओठ निळे. त्याचा कोट पाहुण्याच्या अंगावर. पाहुणा रडत होता.

येताना मी म्हणाले, "लायनेलला उद्याच्या पहिल्या बोटीने हाकलते."

"हाकल," काका दात वाजवत म्हणाले. "पण पाहुण्यांना खडकावर न्यायची ही सहल हॉटेलच्या बैठकीत आपणच ठरवली, डॉर्कस. मी हो म्हटलं. तूही म्हटलंस."

राग तसूभरही उतरला नाही, पण आता तो एकट्या लायनेलवर उरला नव्हता.

धक्क्यावर लायनेल घोंगडी घेऊन पाहुण्याकडे धावला. मी ती हिसकावून गसला गुंडाळली. काकांना कोणीतरी चुलीपाशी नेलं.

"उद्याही तिघांना खडकावर न्यायचंय," लायनेल पुटपुटला. "त्यांना काय सांगू?"

"होडीवाला नाही म्हणाला, असं सांग," मी म्हणाले. " कारण विचारलं, तर तेच पुन्हा सांग."