अशील आहात तोवर

चष्म्याच्या दुकानात ती डोळे तपासायची, आणि भिंतीवरचा तो अक्षरांचा तक्ता तिला इतका पाठ झाला होता की झोपेतही म्हणून दाखवला असता. लोक वरच्या ओळी धडाधड वाचतात, खाली आले की अडखळतात आणि शेवटच्या ओळीला हात टेकतात. हे ठरलेलं. पण त्या दुपारी खुर्चीत बसलेल्या उंच माणसाने शेवटची ओळ वाचली, आणि गडी थांबलाच नाही.

"मुद्रक... मागली गल्ली... हा तीन आहे की आठ?" तो मान पुढे काढून बघायला लागला.

"अहो, ती ओळ वाचायची नसते! छापखान्याचा पत्ता आहे तो."

"मग छापला कशाला? छापलंय म्हणजे वाचायला नको?"

"इतकं लख्ख दिसतंय तर आलात कशाला इथे?"

"दिसतं हो. पण डोकं दुखतं."

"दुखणारच! जगातलं सगळं बारीक अक्षर एकट्याने वाचायचा मक्ता घेतलाय ना तुम्ही."

तो हसला. चष्मा नसलेले त्याचे डोळे जरा बावरलेले होते, नुकत्याच झोपेतून उठलेल्या माणसासारखे. भिंग बदलताना तिची बोटं त्याच्या कपाळाला लागली... आता रोज किती कपाळांना लागतात, त्यात काय एवढं! पण लागली खरी, आणि तिने उगाचच घसा साफ केला.

"करता काय तुम्ही?"

"वकील आहे. कोर्टात हातवारे करणारा नव्हे हं. लोक घर घेतात, मी त्या घराचे कागद वाचतो."

भिंग तिच्या हातात तसंच राहिलं. देव पावला, म्हणतात ते हेच असावं.

कारण घर घ्यायला तीही निघाली होती. ती आणि आई, दोघीच. राहायला चौथ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, आणि आईच्या गुडघ्यांनी कधीचा संप पुकारलेला. आईला रस्ता दिसायचा तो फक्त खिडकीतून. मोठ्या शहरात तळमजल्याचं घर मिळणं म्हणजे नशीबच, आणि ते नशीब समोर येऊन उभं होतं: दोन खोल्या, पुढे छोटंसं अंगण, अंगणातून थेट रस्ता. एजंट मात्र मानगुटीवर बसला होता. "सोमवारी सही करा, दुसरं गिऱ्हाईक तयार आहे. आणि वकील आमचा आहे की! घरचाच माणूस."

"तुमच्या घरचा आहे, म्हणून तर नको," ती म्हणाली होती. असं बोलून तर बसली, पण दुसरा वकील आणायचा कुठून? वकील म्हटलं की तिला घाम फुटायचा. कुणी भाव खाणारा, कुणी फोनच न उचलणारा. आणि आज हा समोर बसला होता, तक्त्यावरचा पत्तासुद्धा न सोडणारा!

"माझ्या घराचे कागद वाचाल?" तिने विचारलं.

"आधी घर बघू. कागद काय, बसल्या जागी बोलतात. शेजारी जास्त बोलतात."

आणि खरंच, कागद हातात घेण्याआधी पठ्ठ्या त्या इमारतीत गेला. समोरच्या आजींचं दार वाजवलं, त्यांच्याकडे पाणी मागितलं आणि दोन तास त्यांचं ऐकून घेतलं. शनिवारी तो दुकानात आला तेव्हा त्याचा चेहरा पडलेला होता.

"सही करू नका."

"काय?"

"घर त्या विकणाऱ्याच्या आईचं होतं, ती आता नाही. कागदात लिहिलंय की आईला तो एकटाच. आजी म्हणाल्या, एक बहीण आहे. तिच्या सहीशिवाय विक्री कच्ची. उद्या ती दारात येऊन उभी राहिली तर?"

"उद्याचं उद्या!" तिचा आवाज चढला. "आईने कालच कुंड्या कुठे ठेवायच्या ते ठरवलंय. तुम्हाला माझ्या आईचे गुडघे दिसत नाहीत का?"

त्याने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "दिसतात," तो हळूच म्हणाला. "म्हणूनच सांगतोय. एकदा खाली उतरल्यावर त्यांना कुणी 'निघा' म्हणायला नको."

तिचा राग कुठल्या कुठे गेला आणि डोळे भरून आले. आजवर सगळे तिला 'घ्या, घ्या' म्हणत होते. आईचा विचार करून 'नका घेऊ' म्हणणारा हा पहिलाच.

सोमवारी तिने सही केली नाही. एजंटने आदळआपट केली, दुसऱ्या गिऱ्हाइकाच्या नावाने धमकावलं, पण ते गिऱ्हाईक काही उगवलं नाही. वकिलाने आजींकडून बहिणीचा नंबर मिळवला आणि तिच्यापुढे ठेवला. "नोटीस मी पाठवू शकतो. पण नोटिशीने माणसं बिथरतात. तुम्ही बोलून बघाल?"

तिने भीत भीत फोन लावला. कोण, काय, कशासाठी, सगळं सरळ सांगितलं. आईच्या गुडघ्यांसकट. पलीकडून आला तो रडण्याचा आवाज.

"अगं, मी नाही कुठे म्हणतेय? भावाने मला विचारलंच नाही गं! त्याला वाटलं मी भांडेन. मी येते. माझा वाटा ठरू दे, सही करते. फक्त आईच्या घरात एकदा बसू दे मला."

फोन ठेवला आणि तिने आईला घट्ट मिठी मारली. "आई, त्या वकिलाचे उपकार कसे फेडायचे गं?"

"कॉफीला बोलाव की," आई म्हणाली, आणि उगाचच खिडकीबाहेर बघायला लागली. आई वस्ताद!

तिने मेसेज लिहिला, खोडला, पुन्हा लिहिला: 'तुमचे आभार मानायचे आहेत. रविवारी कॉफीला भेटू या?' उत्तर आलं तेव्हा तिचे हात कणकेत होते. म्हणून आईनेच फोन उचलला, चष्मा लावला आणि मोठ्याने वाचलं.

"'कॉफीबद्दल आभार. पण तुम्ही अश्लील आहात तोवर तुमच्याबरोबर कॉफीला येणं बरं दिसणार नाही.'"

आईने चष्मा पुसला आणि ओळ पुन्हा एकदा मनातल्या मनात वाचली.

"ठकू," आई जपून म्हणाली, "तू नक्की काय लिहिलं होतंस गं?"

ठकूच्या कानांतून वाफा निघायच्या बाकी होत्या. हात धुतले न धुतले, ती तडक त्याच्या ऑफिसात. दारही वाजवलं नाही. फोन त्याच्या टेबलावर आपटला.

"मी अश्लील? मी? कॉफीच म्हटलं होतं ना?"

त्याने वाचलं. पुन्हा वाचलं. छापखान्याचा पत्ता न सोडणाऱ्या त्या माणसाचा चेहरा आधी पांढराफटक झाला, मग लालबुंद.

"अशील! अहो, अशील लिहिलं होतं मी! वकिलाकडे काम देतो तो अशील. तुम्ही माझ्या अशील आहात... या फोनने शहाणपणा केला. आणि मी पाठवण्याआधी..."

"वाचलं नाही?"

"नाही वाचलं."

"तुम्ही? न वाचता?"

"पुन्हा वाचलं असतं तर पाठवलंच नसतं," तो खाली बघत म्हणाला.

तिला इतकं हसू आलं की खुर्ची ओढून बसावंच लागलं. तोही हसायला लागला, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मग हसू ओसरलं, आणि त्या मेसेजमधला एक शब्द तिच्या मनात रेंगाळत राहिला.

"तोवर म्हणजे?" तिने विचारलं.

"अं?"

"अशील आहात 'तोवर' बरं दिसणार नाही, असं लिहिलंय. मग त्यानंतर?"

त्याचे कान पुन्हा तापले. "त्यानंतर... मीच विचारणार होतो. पण आता नाही. त्या शनिवारी 'सही करू नका' म्हणताना माझी जीभ अडखळली होती, माहीत आहे? तुमचा चेहरा बघून क्षणभर वाटलं, 'घ्या' म्हणून टाकावं. तुम्ही हसाल म्हणून. वकिलाला असं वाटणं बरं नव्हे. घर हातात येईपर्यंत मला सरळ राहू द्या."

ती उठली. दारापर्यंत गेली आणि वळली. "राहा सरळ," ती म्हणाली. "पण फार वेळ लावू नका."

बहीण आली. आईच्या घरात मनसोक्त बसली, रडली, भावाच्या पाठीत एक धपाटा घातला आणि मग दोघांनी मिळून सही केली. वकिलाने प्रत्येक पान बोट ठेवून वाचलं, मागचीपुढची कोरी पानंसुद्धा बघितली. बाहेर निघाल्यावर त्याने फक्त "अभिनंदन" म्हटलं आणि तो निघून गेला. तिला इतका राग आला! असा कसा हा माणूस?

सामान हललं त्या दिवशी आई चौथ्या मजल्यावरून उतरली, जिन्याच्या प्रत्येक वळणावर खुर्ची टाकून, दम खात. संध्याकाळी नव्या अंगणात त्या दोघी कुंड्या लावत होत्या, तेवढ्यात फाटक वाजलं. तो उभा होता. हातात फाईल नाही, काही नाही. नेहमीचा कोटही नाही.

"काम संपलं माझं," तो म्हणाला. "आज दुसऱ्याच कारणाने आलोय."

आईने दोघांकडे एक नजर टाकली आणि हात झटकले. "ठकू, मी जरा कोपऱ्यापर्यंत जाऊन येते."

"थांब, मी येते सोबत..."

"कशाला? चार पावलांवर तर आहे. आणि सावकाश येईन हं मी. घाई नाही."

आईने फाटक उघडलं आणि बाहेर पाऊल टाकलं. काठी टेकत, लोकांकडे बघत, ओळख नसलेल्या बाईशी दोन शब्द बोलत ती रस्त्याने निघाली. एकटी. ठकूने तोंडावर हात धरला. किती काळ त्या खिडकीत बसून आईने रस्ता नुसता बघितला असेल! आणि आज ती रस्त्यावरून चालत होती, आणि परत यायला तिचं स्वतःचं दार होतं.

"कॉफीला येशील?" शेजारी उभं राहून त्याने हळूच विचारलं. 'येशील' म्हणाला. 'याल' नाही.

"येईन ना," डोळे पुसत ती म्हणाली. "पण थांब जरा. आईला कोपऱ्यावर वळताना बघू दे मला."

"बघू या," तो म्हणाला, आणि त्याने तिचा मातीने भरलेला हात आपल्या हातात घेतला. दोघं फाटकाशी तसेच उभे राहिले.