कच्चे राहिलेले तमालेस

"दोन्या एल्विरा, सगळं जळालं हो! आमचे सगळे कागद जळाले!"

फोनवर ओफेलिया ओक्साबोक्शी रडत होती. दोन्या एल्विराने हातातला तमाल ताटलीत ठेवला. नाहीतरी तो खाण्याच्या लायकीचा नव्हताच. पानात गुंडाळून वाफवलेलं मक्याचं पीठ आतून कच्चं, पानाला चिकटून बसलेलं. चर्चच्या हॉलमधली सगळी माणसं तेच चमच्याने खरवडत होती आणि निकानोरची टर उडवत होती.

"निकानोर, पातेल्याशेजारी कुणाशी भांडलास रे? घरात भांडण झालं की तमालेस शिजत नाहीत!"

"तो एकटा जीव. आरशाशीच भांडला असेल!"

महिन्यापूर्वी, तीन राजांच्या सणाला, गोड पावात लपवलेली बाहुली निकानोरच्या तुकड्यात निघाली होती. म्हणून आज, कांदेलारियाच्या सणाच्या रविवारी, सगळ्यांना तमालेस खाऊ घालणं त्याच्या वाट्याला आलं होतं.

"आठपासून अकरापर्यंत पातेल्यापुढून हललो नाही, बायांनो," तो हसत म्हणाला. "पीठच खराब निघालं."

दोन्या एल्विराने पर्स उचलली. तीस वर्षं ती या चर्चच्या कचेरीत बाप्तिस्मे, लग्नं आणि मयतं नोंदवत आली होती. सगळे तिला मानाने 'दोन्या', म्हणजे बाई, म्हणत. गावात कुणाचं काही हरवलं, कुणी परागंदा झालं, की फोन तिलाच यायचा. पोलिसांना फोन करायची इथे कुणाची छाती नव्हती.

ओफेलियाचा नवरा हासिन्तो घराच्या पायरीवर डोकं धरून बसला होता. पंधरा वर्षं या खोऱ्यात द्राक्षं तोडलेला, नाकासमोर चालणारा माणूस. इथे राहायचा परवाना मात्र एका दिवसाचाही नव्हता. परवा, मंगळवारी साडेआठला, त्याची कोर्टात सुनावणी होती. सलग दहा वर्षं इथे राहिल्याचं सिद्ध झालं, आणि तो गेला तर इथेच जन्मलेल्या मुलीचे हाल होतील हे पटलं, तर त्याला राहू देणार होते. नाहीतर सीमेपलीकडे. नऊ वर्षांच्या शिमेनाची मूत्रपिंडं निकामी झालेली. आठवड्यातून तीनदा तिला दवाखान्यात न्यायला बाप लागायचा.

स्वयंपाकघरात जळक्या कागदाचा वास कोंडला होता. ओव्हनमध्ये बिस्किटांचा निळा डबा काळाठिक्कर पडला होता, आत दहा वर्षांच्या पुराव्यांची नुसती राख.

"माझ्याच हातून झालं," ओफेलिया म्हणाली. "सकाळी शेगडी पुसताना ओव्हनचा खटका फिरला असणार. आम्ही नवाला चर्चला गेलो, बाराला आलो, बघते तर..."

"डबा ओव्हनमध्ये कशाला ठेवला होतास?"

"मग कुठे ठेवू? आपल्यात ओव्हन पेटवतं कोण?"

तेही खरं होतं. दोन्या एल्विराच्याही घरी ओव्हन म्हणजे तव्या-कढयांचं कपाट होतं.

"शेगडी कुठली?"

"निकानोर कोंपाद्रेंनी नवीन घेतली, तेव्हा ही आम्हाला दिली. शिमेनाचे धर्मपिता ना ते! चार वर्षं झाली."

"तवे कुठे होते?"

"आतच, डब्यावर. मी दार उघडलं तेव्हा तिथेच होते. आता बाहेर काढलेत."

दोन्या एल्विराने एक तवा उचलला. त्याच्या काळ्या प्लास्टिकच्या मुठीवरून अंगठा फिरवला, वास घेतला आणि तवा खाली ठेवला.

"डब्यातलं काहीच वाचलं नाही?"

"शिमेनाच्या बाप्तिस्म्याची मेणबत्ती आणि दाखला तेवढा वाचला. ग्वादालुपेच्या मातेच्या तसबिरीपुढे होती दोन्ही. मीच कधीतरी काढून ठेवली असतील. माझं डोकं हल्ली ठिकाणावर आहे कुठे?"

"हासिन्तो, पगाराच्या चिठ्ठ्या तुझ्या नावावर होत्या ना?"

हासिन्तोने मान खाली घातली. "सगळ्या नाही. मधली सहा वर्षं मी दुसऱ्याच्या नावावर काम केलं. त्याने कामाला लागणारा त्याचा सरकारी नंबर वापरायला दिला होता. वकीलबाई म्हणाल्या, कोर्टात खरं काय ते सांगून टाक."

"कोणाच्या नावावर?"

"शब्द दिलाय, दोन्या. नाव विचारू नका."

"बरं. डबा इथे असतो, हे कुणाकुणाला माहीत होतं?"

"राजांच्या सणाला सगळे इथेच जमले होते. मीच शहाणा, सगळ्यांना दाखवत सुटलो. शेजारच्या वॉल्टलासुद्धा."

"आणि चावी?"

"कुंडीखाली. अख्ख्या गल्लीला ठाऊक आहे."

ओफेलिया एकदम उसळली. "त्या वॉल्टचंच काम हे! त्याच्या अंगणातली पाटी वाचा, म्हणजे कळेल!"

पाटी लाल अक्षरांत होती: कायद्याने या, रांगेत या. पाटीमागे सत्तरीचा वॉल्ट हातात कात्री घेऊन उभा होता.

"सकाळी काय करत होतात, वॉल्ट?"

"गुलाब छाटत होतो. साडेनऊला त्यांच्या खिडकीतून धूर दिसला. म्हटलं, सण आहे, काहीतरी शिजत असेल."

"कुणी आलं-गेलं?"

"त्यांचं मागचं दार इथून दिसत नाही."

"त्यांना हाकलून द्यावं असं तुम्हाला वाटतं ना?"

"प्रत्येकाने रांगेत उभं राहावं असं वाटतं. त्यात काय चुकलं?"

"मग हासिन्तोची रांग कुठे आहे तेवढं दाखवा. तीस वर्षं शोधतेय मी, अजून शेपूट सापडलेलं नाही."

वॉल्टचा चेहरा लालबुंद झाला. तो तरातरा आत गेला आणि एक पाकीट घेऊन आला. आत न्यायाधीशांच्या नावे पत्र होतं. माझी बायको अंथरुणाला खिळली तेव्हा या माणसाने आठ महिने रोज तिला उचलून गाडीत बसवलं, असं त्यात लिहिलं होतं.

"शुक्रवारीच वकिलाकडे पाठवलंय. ही नक्कल," तो गुरकावला. "पाटी काढणार नाही मी. पत्रही मागे घेणार नाही."

दोन्या एल्विराला त्याचा रागही आला आणि त्याच्या पाया पडावंसंही वाटलं. ती सरळ चर्चच्या कचेरीत गेली आणि तिने नऊ वर्षांपूर्वीची नोंदवही काढली. हवं ते पान सापडलं. अक्षर तिचंच होतं.

पाच वाजता हासिन्तोच्या स्वयंपाकघरात चौघं जमले. निकानोरलाही तिने बोलावून घेतलं होतं. त्याने येताना शिमेनासाठी खाऊ आणला होता.

"ओफेलिया, ओव्हन पेटव बघू."

ओफेलियाने खटका फिरवला. गॅसची फुसफुस झाली, बाकी काही नाही. तिने घाईने खटका बंद केला. "पेटत नाही हो. चार वर्षांत कधी पेटलाच नाही."

"म्हणजे सकाळी तुझा हात लागला असता, तर नुसता गॅस सुटला असता. याला गुडघ्यावर बसून खालच्या भोकातून काडी लावावी लागते. माझ्याकडेही असलाच होता. आणि हे तवे बघ. आतला कागद न् कागद जळाला, पण प्लास्टिकची मूठ वितळलेली नाही. कुणीतरी आधी तवे बाहेर काढले, आग लावली, विझवली, आणि अपघात वाटावा म्हणून तवे परत रचून ठेवले."

ती निकानोरकडे वळली.

"निकानोर, तू आठपासून अकरापर्यंत पातेल्यापुढेच होतास?"

"सांगितलं ना दुपारी."

"मी चाळीस वर्षं तमालेस करतेय. तीन तास वाफ मिळाली तर वाईटातलं वाईट पीठही पानापासून सुटतं. तुझी शेगडी मध्येच तास-दीड तास बंद होती. पेटतं पातेलं सोडून जायची तुला भीती वाटली असणार. साडेनऊला इथून धूर निघत होता."

"दोन्या, तुम्ही काय बोलताय! मी या पोरीचा धर्मपिता आहे!"

"म्हणूनच तर तू सापडलास. वैरी असता तर त्याने सगळंच जाळलं असतं. बाप्तिस्म्याची मेणबत्ती जाळायला ज्याचा हात धजला नाही, तो वैरी नव्हता." तिने नोंदवही टेबलावर उघडली. "वाच. धर्मपिता निकानोर तिनोको, गैरहजर. त्याच्या जागी त्याचा भाऊ उभा राहिला. तू तेव्हा सीमेपलीकडे मिचोआकानला होतास, आजारी आईपाशी. सहा वर्षं. आणि तुझा नंबर इथे द्राक्षं तोडत होता, म्हणून कागदोपत्री तूही इथेच होतास. ज्याचा तो नंबर, त्यालाच त्या चिठ्ठ्यांची भीती होती."

हासिन्तोने डोळे मिटून घेतले. त्याने शब्द पाळला होता. नाव त्याच्या तोंडून गेलं नव्हतं.

निकानोर खुर्ची ओढून बसला. "मार्चमध्ये नागरिकत्वाची शपथ आहे माझी. देश कधी सोडला नाही, असं मी अर्जात लिहिलंय. मंगळवारी त्या चिठ्ठ्या सरकारी वकिलापुढे गेल्या असत्या, आणि ती सहा वर्षं मी इथे नव्हतो हे उघड झालं असतं."

"मला म्हणायचं होतंस, कोंपाद्रे," हासिन्तो म्हणाला. "दुसरी वाट शोधली असती."

"कुठे होती दुसरी वाट? आपल्या दोघांतला एक गेला तरच दुसरा इथे उरणार होता!"

"आणि माझ्या पोरीला दवाखान्यात कोण नेणार होतं?" ओफेलिया किंचाळली. "तुम्ही? चालते व्हा इथून!"

"पोलिसांना बोलावणार का?" निकानोरने विचारलं.

"बोलावलं तर ते आधी हासिन्तोलाच नेतील," दोन्या एल्विरा म्हणाली. तिने तसबिरीपुढची मेणबत्ती उचलून त्याच्या हातात दिली. "चिठ्ठ्या जळाल्या. त्या ज्याच्या नावावर होत्या तो माणूस अजून आहे. मंगळवारी, साडेआठला."

मंगळवारी साडेआठ वाजून गेले. वकीलबाईंनी वॉल्टचं पत्र वाचून दाखवलं, चर्चची नोंद दाखवली. सरकारी वकील म्हणाला की एका बाप्तिस्म्याने सहा वर्षं भरत नाहीत. ओफेलियाने दोन्या एल्विराचा हात इतका घट्ट आवळला की तिची बोटं बधिर झाली. तेवढ्यात मागचं दार उघडलं. निकानोर नवाकोरा सूट घालून आला होता. तो सूट त्याने मार्चमधल्या शपथेसाठी शिवून घेतला होता.

त्याने सगळं सांगितलं. न्यायाधीशबाईंनी चष्मा काढला.

"या साक्षीमुळे तुमचं नागरिकत्व जाईल. कदाचित इथलं राहणंही जाईल. हे तुम्हाला कळतंय ना?"

"कळतंय."

"तरी का सांगताय?"

"पोरीच्या बाप्तिस्म्याला मी हजर नव्हतो," निकानोर म्हणाला. "म्हणून आज आलो."

निकाल दुपारी लागला. हासिन्तोला राहायची परवानगी मिळाली. बाहेर पायऱ्यांवर सगळे एकमेकांच्या गळ्यात पडत होते. निकानोर खाली गाडीपाशी एकटाच उभा होता. ओफेलिया त्याच्याकडे चालत गेली. रविवारपासून ती त्याच्याशी एक अक्षर बोलली नव्हती.

"पुढच्या कांदेलारियाला तमालेस नीट शिजवून आणा, कोंपाद्रे."

"असलो इथे, तर आणीन," तो म्हणाला.