दोनदा डिपर

टक्.

दुपारच्या सामसूम घरात फ्रिजचा स्टॅबिलायझर वाजला आणि शर्वरीच्या हातातल्या फ्रॉकची घडी अर्धवटच राहिली. आतल्या खोलीत तन्वी आजोबांच्या पोटाशी झोपली होती. विद्यानगरच्या या माहेरच्या घरात दोन ते चार पंखासुद्धा दबकून फिरतो. केशवरावांची वामकुक्षी म्हणजे वामकुक्षी!

आवाज एवढासा. पण सात वर्षं झाली, तो ऐकला की तिची मान आपोआप खिडकीकडे वळते. खाली, शेडमध्ये, बाबांची फियाट उभी असते.

उद्या सकाळी ती गाडी जाणार होती. मोतीबिंदू झाल्यापासून केशवरावांनी गाडी चालवणं सोडलं होतं, आणि शेवटी ती विकत घेणारा एक हौशी माणूस भेटला. त्याच्या मेकॅनिकनं कालच नवी बॅटरीही बसवली. "कप्प्यातले कागद तेवढे काढून ठेव गं," जेवताना बाबा म्हणाले होते.

तन्वी उठायला अजून अर्धा तास तरी होता. आईपणात असा अर्धा तास म्हणजे मोठीच चैन. शर्वरीनं खिळ्यावरची किल्ली घेतली आणि आवाज न करता जिना उतरली.

दार कुरकुरलं. रेक्झिनचा, पेट्रोलचा तो जुना वास अंगावर आला... आणि त्या वासासोबत अफझलगंजची ती संध्याकाळ.

बाबांची पुस्तकं लायब्ररीत परत करून ती निघाली होती. पावसाळ्यातली भुरभुर, वायपर रडत-रखडत फिरणारे. सिग्नलला शेजारी एक स्कूटर थांबली आणि काचेवर टकटक झाली.

"मॅडम, दिवे लावा."

"लावलेत की!"

तो वाकून पुढे बघून आला. हेल्मेटमधून फक्त डोळे दिसत होते, आणि ते हसत होते.

"हे दिवे आहेत? मला वाटलं, समईत दोन वाती लावल्यात."

"तुम्हाला कायकू परेशानी? मला दिसतंय ना समोरचं."

"तुम्हाला दिसतंय हो... पण तुम्ही कुणाला दिसत नाही, त्याचं काय?"

तेवढ्यात मागून हॉर्नचा कल्लोळ झाला. ती निघाली. आरशात पाहते तर स्कूटर मागोमाग! घराच्या फाटकाशी ती तरातरा उतरली.

"पाठलाग करता?"

"माझी खोली दोन गल्ल्या पलीकडे आहे," तो शांतपणे म्हणाला. "आणि तुमचा मागचा लाल दिवाही बंद आहे. बस येऊन आदळली असती, म्हणून मध्ये राहिलो."

एवढ्यात केशवराव बाहेर आले आणि दहाव्या मिनिटाला तो ओसरीत चहा पीत होता. सारंग. पुण्याचा, सॉफ्टवेअरमधला, आणि सुट्टीच्या दिवशी जुन्या गाड्यांचा वेडा. "काका, गाडी झकास ठेवलीय तुम्ही. दिवे तेवढे माझ्याकडे द्या."

मग लागोपाठ चार रविवार. तो बॉनेटमध्ये वाकलेला आणि ती टॉर्च घेऊन उजेड धरायला. खरं तर भर सकाळी उजेड धरायची काहीच गरज नव्हती. ते दोघांनाही ठाऊक होतं.

"हे बघ," एकदा त्यानं तिला जुनी, कडक झालेली वायर दाखवली. "बॅटरीतून निघालेला करंट या बारक्या वायरीतून आत जाणार, डॅशबोर्डवरच्या स्विचमधून फिरणार आणि मग दिव्यापर्यंत येणार. वाटेतच निम्मा दमतो. बिचाऱ्या स्विचवर केवढा भार!"

"मग?"

त्यानं तळहातावर काडेपेटीहून लहान एक काळी डबी ठेवली. "हा रिले. आता बॅटरीपासून दिव्यापर्यंत नवी, जाड वायर. भार सगळा तिच्यावर. स्विचनं फक्त 'हो' म्हणायचं. की टक्... रिले बाकीचं बघतो."

"फक्त 'हो' म्हणायचं?"

"हं. सोपंय ना?" तो तिच्याकडे बघत राहिला, जरा जास्तच. "का अवघड आहे?"

"हौ, बघू," ती म्हणाली आणि उजेड भलतीकडेच पाडू लागली.

"हौ!" तो खळखळून हसला. "पुण्याला आलीस तर हे 'हौ' तेवढं सोडू नकोस."

पुण्याला आलीस तर... किती सहज बोलून गेला होता!

चौथ्या रविवारी, दिवेलागणीला, त्यानं तिला स्विच ओढायला लावलं. टक्. आणि समोरची अख्खी भिंत पांढरीशुभ्र उजळली. बोगनवेलीचं पान न् पान दिसलं. केशवराव टाळ्या वाजवत होते. "वाहवा, वकीलसाहेबांची गाडी तरुण झाली!"

"फक्त एक लक्षात ठेवा, काका," सारंग हात पुसत म्हणाला. "हा करंट आता थेट बॅटरीवरून येतो. पावसाळ्यात गाडी चार दिवस उभी राहणार असेल, तर हा फ्यूज काढून ठेवत जा." केशवरावांनी तिथल्या तिथे फ्यूज कसा काढायचा, कसा लावायचा, ते दोनदा करून पाहिलं. शर्वरी तेव्हा भिंतीवरचा उजेड बघत होती.

त्यानंतर पंधराच दिवसांत सारंगच्या कंपनीनं त्याला जर्मनीला पाठवायचं ठरवलं. रविवारी रात्रीचं विमान.

"मी नाही म्हणू शकतो," गल्लीच्या तोंडाशी तो म्हणाला. "काका नांदेडहून आले की त्यांच्याशी बोलतो. पण आधी तू बोल, शर्वरी."

आई गेल्यापासून बाबांचं जेवण, औषधं, चष्मा, सगळं तिच्याच हाती. 'हो' ओठांपर्यंत आलं आणि तिथंच थबकलं.

"माझ्या तोंडून नाही निघत रे..."

"मग दिवे कशाला बसवलेत एवढे?" तो हसला, पण डोळे हसत नव्हते. "रविवारी संध्याकाळी सहाला माझ्या गॅलरीखाली ये. दोनदा डिपर मार. दिवा दिसला की मी खाली. नाही दिसला... तर समजेन. पुन्हा विचारून तुला अडचणीत टाकणार नाही. शब्द देतो."

"आणि उजेड असला अजून? मला आतून कसं कळणार, लागला की नाही?"

"टक् ऐकायचं. टक् वाजलं की तुझं 'हो' पोचलं."

त्या रविवारी ती गेली होती. बाबांना न विचारता, सहाला पाच कमी असतानाच. केशरी आभाळ, पुढे मोकळा रस्ता. गॅलरीत तो उभा होता, कठड्यावर दोन्ही हात ठेवून. तिनं इंजिन बंद केलं, किल्ली अर्धी फिरवली आणि डिपर ओढला. टक्. पुन्हा... टक्. इतकं स्पष्ट ऐकू आलं की तिला हसू फुटलं.

तो हलला नाही.

पाच मिनिटं. सात. मग तो मान खाली घालून आत गेला.

घर दोनच गल्ल्या पलीकडे. अंधार पडायच्या आत ती परतली. रात्री विमानतळावरून त्याचा मेसेज आला: "गाडी आलेली पाहिली." तेवढाच. पाहिली आणि तरी उतरला नाही! तिनं उत्तर दिलं नाही. नंबरच काढून टाकला. पुढच्या वर्षी हर्षदचं स्थळ आलं. हर्षद भला माणूस. तिच्या बाबांना स्वतःच्या वडिलांसारखं बघतो, तन्वीचे केस तिच्याहून छान विंचरतो. नाव ठेवायला कुठे जागा नाही.

शर्वरीनं पदरानं डोळे पुसले आणि डॅशबोर्डचा कप्पा उघडला. विम्याचे कागद, एक वाळलेलं लिंबू, फुटका चष्मा. तळाशी एक खाकी पाकीट, कोर्टात लावतात तसं. वर बाबांच्या वळणदार अक्षरात 'हेडलाइट फ्यूज'. आत तो फ्यूज होता. आणि पाकिटाच्या पाठीवर तारखा. जन्मभर वकिली केलेल्या माणसानं तारखेशिवाय कधी काही केलं होतं?

पहिलीच ओळ:

'नांदेडला जाणे. काढला: १७ ऑगस्ट २०१८. लावला: २२ ऑगस्ट.'

तिनं ती ओळ तीनदा वाचली.

तो रविवार एकोणीस ऑगस्टचा होता.

म्हणजे रिले टक् वाजला होता. स्विचचं 'हो' रिलेपर्यंत पोचलंही होतं. पण जाड वायरीवर फ्यूजच नव्हता. वर गॅलरीत सारंग उभा, खाली दिवे न लागलेली गाडी उभी. आणि ती आत बसून हसतेय... त्याला काय दिसलं असेल? निरोप घ्यायला आली, दिवा लावायचं धाडस झालं नाही, असंच ना? त्यानं शब्द पाळला. पुन्हा विचारलं नाही. खिडकीतून नुसती मान बाहेर काढली असती तिनं, नुसतं "ए, खाली ये" म्हटलं असतं...

रागावायचं तरी कुणावर? बाबांनी सांगितलं ते नेटकेपणानं केलं, आणि सांगणारा तर तोच!

तिनं बॉनेट उचललं. चार रविवार इथंच उजेड धरलेल्या बोटांना जागा आठवत होती. फ्यूज खटकन बसला. परत सीटवर येऊन तिनं किल्ली फिरवली आणि डिपर ओढला.

टक्. समोरची भिंत उजळली.

टक्. पुन्हा.

भरदुपारीसुद्धा, शेडच्या सावलीत, बोगनवेलीचं पान न् पान.

"आई?"

जिन्याच्या शेवटच्या पायरीवर तन्वी उभी होती, अर्धवट झोपेत, एक हात डोळ्यांवर आडवा धरून. तिनं भिंतीकडे पाहिलं, मग फाटकाकडे. फाटकापाशी कुणीच नव्हतं.

"आई, तू कुणाला बोलावतेयस?"