तूरडाळिंब

बंगळुरूच्या बसमध्ये मराठीत कितीही शिव्या घातल्या तरी कुणाला कळत नाही, अशी वेदिकाची ठाम समजूत होती. त्यामुळे इलेक्ट्रॉनिक सिटीच्या उड्डाणपुलावर बस अडकली, तेव्हा ती फोनवर पुण्याच्या मैत्रिणीला मनसोक्त सांगत होती, "अगं, ई-बुक तयार करायचं सॉफ्टवेअर आहे, पण बटणं इतकी की विमान परवडलं! आणि त्याची हेल्प? कुठल्या धोंड्याने लिहिलीये कोण जाणे. एकदा हाती लागू दे…"

"लागला की," शेजारून आवाज आला.

वेदिकाने मान वळवली. निळा शर्ट, विस्कटलेले केस आणि ओठांत दाबलेलं हसू.

"मी नागराज, निपाणीचा. ते सॉफ्टवेअर माझं, हेल्पपण माझीच. तो धोंडा मीच… बोला, काय करणार?"

धरणी पोटात घेईल तर बरं, असं वेदिकाला झालं. पण उड्डाणपुलावर धरणी आणायची कुठून? शेवटी तिने हनुवटी वर केली. "मराठी हेल्प नव्याने लिहायला मला घेतलंय. तुम्ही मला मदत करणार."

"करतो की," तो म्हणाला. पूल संपेपर्यंत त्याची नजर काही तिच्यावरून हलली नाही, आणि तिलाही ते खटकलं नाही.

मग रोज संध्याकाळी, कँटीनमध्ये कॉफीचे पेले समोर ठेवून, दोघं भांडू लागले. कुठलं बटण काय करतं ते सांगितलं की झालं, असं नागराजचं म्हणणं. वेदिका म्हणायची, हेल्प उघडतो तो घोळ घालून बसलेला माणूस. त्याला आधी त्याचा घोळ सापडायला हवा.

"म्हणजे पानाचं नाव काय, 'घोळ झाला' असं ठेवू?"

"'सगळं भलतंच बदललं, आता काय करू?' असं ठेवा."

"कंपनीची इज्जत जाईल ओ!"

"कंपनीची, की तुमची?"

"माझी तर… तुम्ही बसमध्येच काढली की."

ती खळखळून हसली. तो मात्र हसता हसता थांबला, नुसता बघत राहिला… आणि वेदिका रिकाम्या पेल्यात चमचा फिरवू लागली. आपण या निपाणीकराच्या सपशेल प्रेमात पडलोय, हे तिला कळून चुकलं होतं. पण आधी बोलायचं कुणी?

अशातच मॅनेजर भव्याने बातमी आणली. हेल्पचं काम बाहेर द्यायचं घाटत होतं. शनिवारी एखाद्या नवख्या माणसाने निव्वळ नवी हेल्प वाचून पुस्तक तयार केलं, तर काम वेदिकाकडे राहणार. नाही तर तिला यशवंतपूर स्टेशनवरून पुण्याची गाडी. आणि कुणी एक शब्द जरी सुचवला, तरी परीक्षा बाद!

शनिवारी राजाजीनगरहून कृष्णाबाई आल्या. तिथल्या मराठी महिला मंडळाच्या पाककृतींचं पुस्तक त्यांना करायचं होतं. हेल्प वाचत वाचत त्यांनी मुखपृष्ठ लावलं, अनुक्रमणिका केली. मग त्यांना दिसलं, वरणाच्या कृतीत नुसतंच 'डाळ' लिहिलंय, 'तूरडाळ' हवं. त्यांनी 'सगळीकडे बदला' दाबलं.

पुढच्याच पानावर, कोशिंबिरीत, 'तूरडाळिंबाचे दाणे' अवतरले. त्याखाली 'हरभऱ्याची तूरडाळ'.

"अय्यो! डाळिंबाला काय झालं हे?" कृष्णाबाई घाईघाईने खोडू लागल्या, तसं आणखीच बिघडलं.

नागराज खुर्चीतून उठलाच. उत्तर अगदी जिभेवर आलं होतं. वेदिकाने टेबलाखाली त्याचा हात घट्ट धरला आणि त्याला खाली ओढलं. गप्प बसा, तिने डोळ्यांनीच दटावलं. हात मात्र सोडला नाही.

कृष्णाबाईंचं बोट हेल्पच्या यादीवरून सरकत गेलं आणि थांबलं. "'सगळं भलतंच बदललं, आता काय करू?'… हां, हेच की माझं!" त्यांनी पान उघडलं, सांगितलं तिथे दाबलं. डाळिंब पुन्हा डाळिंब झालं. तिथलंच पुढचं वाचून त्यांनी 'एकेक दाखवून बदला' निवडलं आणि वरणाला तेवढी तूरडाळ दिली. पुस्तक तयार!

भव्याने टाळ्या वाजवल्या. काम वेदिकाचं झालं होतं.

"सरी सरी, ठीक आहे, झालं माझं," कृष्णाबाई चष्मा काढत म्हणाल्या. "आता तरी सोड ग त्याचा हात. स्वल्प दुखत असेल पोराला."

वेदिका लाजेने लाल झाली. तिने हात सोडवून घेतला… तर तो सुटेना. आता नागराजने धरला होता.

"नाही दुखत, अक्का," तो म्हणाला आणि तिच्याकडे वळला. "परीक्षा संपली न्हवं? आता बोललं तर चालतं?"

"चालतं…"

"तुम्ही गेला असता तर मी मागनं पुण्याला आलो असतो. लई प्रेम आहे माझं तुमच्यावर. लग्न करशील माझ्याशी?" घाईत 'तुम्ही'चं 'तू' झालं, ते त्याला कळलंही नाही.

"हो," वेदिका म्हणाली. तेवढ्याने तिचंच समाधान होईना, म्हणून सगळ्यांच्या देखत मोठ्याने म्हणाली, "अरे हो, हो, हो! किती वाट बघायला लावलीस!"